अनवाणी पाऊल आणि मातीतील बुरशी

इ. स. 2021 च्या मे महिन्यात ‘काळी बुरशी’ हे शब्द ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घराघरांत पोहोचले. करोनातून उठलेल्या माणसाचा डोळा सुजावा, टाळूवर काळा डाग दिसावा आणि औषधासाठी नातेवाइकांनी दुकानोदुकान हिंडावे, असे ते दिवस होते. वास्तविक ही बुरशी काळी नव्हे. ती रक्तवाहिन्या रोधते आणि त्यामुळे मेलेला मांसभाग काळा पडतो. तिचे बीजकण मातीत, कुजक्या पाचोळ्यात सदैव असतात. धडधाकट माणसास ते सहसा बाधत नाहीत. अनावर मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांनी देह दुबळा झाला की त्यांचे फावते.

हे संकट पुष्कळांस अगदी नवे वाटले. परंतु बुरशी जिवंत माणसाच्या मांसात वाढते, हा विचार आपल्या शेजारच्या मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच मांडला गेला होता.

बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन पाच वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे 1858 साली, हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा तरुण इंग्रज डॉक्टर मुंबईस आला. शरीरशास्त्राच्या ज्या ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ ग्रंथाने पुढे जग जिंकले, त्यातील चित्रे ह्याचीच. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत असता त्याच्यापुढे एक विलक्षण रोग आला. अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडतो आणि तो ते विसरूनही जातो. पुढे पाऊल हळूहळू सुजते, परंतु फारसे दुखत नाही. मग त्याला छिद्रे पडून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येतात; कोणाचे बंदुकीच्या दारूसारखे काळे, कोणाचे खसखशीसारखे फिकट. मदुरेच्या गिल नावाच्या डॉक्टराने 1842 मध्येच ह्या रोगाची नोंद केली होती; म्हणून त्यास ‘मदुरा पाय’ म्हणत. कार्टरने ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, त्यांत बुरशीचे तंतू ओळखले आणि 1860 साली रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. 1874 मध्ये त्याने ह्यावर सचित्र ग्रंथच लिहिला.

कार्टरचे सर्वच बरोबर ठरले असे नाही. त्याच्या नमुन्यांवर उगवलेल्या एका तांबड्या बुरशीस बर्कली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने कार्टरचेच नाव दिले. पुढे कळले की ती रोगाचे कारण नव्हतीच. फिकट दाण्यांचे पुष्कळसे रोग बुरशीचे नसून जंतूंचे असतात, हेही विसाव्या शतकात उमगले. हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. जंतूंचा रोग प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. बुरशीच्या रोगास महिनोन् महिने औषध आणि अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. कार्टरच्या काळी मात्र दोहोंवर उपाय एकच, पाय कापणे.

औषधे आली ती पुन्हा मातीतूनच. काळ्या बुरशीवर जे अ‍ॅम्फोटेरिसिन 2021 मध्ये मिळेनासे झाले, ते 1950 नंतरच्या दशकात व्हेनेझुएलातील मातीच्या एका सूक्ष्मजीवापासून निघाले. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक काढले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे.

असे असूनही मायसेटोमास जागतिक आरोग्य संघटनेने उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले ते 2016 साली. कार्टरने नाव दिल्यानंतर मध्ये 156 वर्षे गेली! कारण उघड आहे. हा रोग अनवाण्यांचा. त्यांच्या पायाकडे पाहावयास कोणास सवड? काळी बुरशी शहरात शिरली तेव्हा आपण सारे जागे झालो.

न दुखणारी सूज माणसास वैद्याकडे जाऊ देत नाही, हीच ह्या रोगाची खरी लबाडी होय. म्हणून मुरबाड-शहापूरच्या वाटेवर कोणाच्या पावलावर अशी जुनी सूज दिसली, तर त्यास लवकर इस्पितळात धाडावे. दाणा वेळेवर तपासला गेला, तर पाय वाचण्याची आशा असते.