वेस्टरबोर्कची छावणी व एक व्यक्तिनिर्णय

हॉलंडच्या ईशान्येस द्रेंथ प्रांतांत वेस्टरबोर्क नांवाची छावणी होती. ती जर्मनांनीं उभारिलेली नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. नाझी छळामुळें जर्मनींतून पळून आलेल्या यहुद्यांकरितां डच सरकारनेंच ती इ. स. १९३९ मध्यें बांधिली. आधीं योजिलेली जागा राजवाड्यानजीक पडते म्हणून राणी विल्हेल्मिनेकडून हरकत आली, तेव्हां हा ओसाड माळ मुक्रर झाला. मे १९४० मध्यें जर्मनांनीं देश जिंकिला. १ जुलै १९४२ रोजीं छावणीहि त्यांच्या ताब्यांत गेली. आश्रयस्थानाचें बंदिस्थान झालें.

येथें कत्तल होत नसे; कत्तलीकडे माणसें येथून रवाना होत. १५ जुलै १९४२ पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत, बहुधा मंगळवारीं, आगगाडी सुटे. याद्या करण्याचें काम कैद्यांकडूनच करून घेत. हॉलंडांतून नेलेल्या सुमारें १,०७,००० यहुद्यांपैकीं बहुतेक येथूनच गेले. परतले सुमारें ५,०००. सोबिबोरास पाठविलेल्या सुमारें ३४,००० पैकीं तर अवघे १८ वांचले.

इ. स. १९४४ मध्यें छावणीचा अधिकारी गेमेकर याच्या हुकुमावरून रुडोल्फ ब्रेस्लाउअर या यहुदी कैद्यानें छावणीचें चलच्चित्र घेतलें. त्यांत डब्याच्या दारांतून, डोक्यास फडकें बांधलेली एक मुलगी क्षणभर बाहेर पाहतांना दिसते. युद्धानंतर सुमारें पन्नास वर्षें ती यहुदी असल्याचें गृहीत धरून तिचें चित्र यहुदी-संहाराचें प्रतीक म्हणून छापीत आले. डच पत्रकार आद वाखेनार यानें हें गृहीत तपासून पाहिलें. चित्रांतील एका पेटीवर नांव व जन्मतारीख होती. त्यांवरून ती गाडी १९ मे १९४४ ची ठरते. त्या गाडींत २४५ सिंती व रोमा लोक होते. त्याच डब्यांतून गेलेल्या व पुढें वांचलेल्या एका स्त्रीनें मुलीस ओळखिलें. इ. स. १९९४ मध्यें निर्णय झाला: ती सेटेला स्टाइनबाख, वय वर्षें ९, सिंती जमातीची; आउश्वित्स येथें मारली गेली.

या निर्णयानें यहुद्यांच्या संहाराचा पुरावा यत्किंचितहि उणा होत नाहीं. परंतु एका चित्रास चुकीचें नांव चिकटल्यामुळें दुसऱ्या एका जमातीचा संहार, डोळ्यांसमोर असूनहि, पन्नास वर्षें दिसेनासा झाला होता. सर्वमान्य समजूत हें प्रमाण नव्हे, हें तत्त्व आम्ही दानपत्रांस व बखरींस लावितों. तेंच छायाचित्रांसहि लाविलें पाहिजे. गेमेकर यानें न्यायालयांत, पाठविलेल्यांचें पुढें काय होई तें आपणांस ठाऊक नव्हतें, असें सांगितलें. इ. स. १९४९ मध्यें त्यास १० वर्षांची शिक्षा झाली व १९५१ मध्यें तो सुटला. मारणाऱ्यांनीं मृतांस यादींतील आंकडे करून सोडिलें होतें. त्यांतील एकीस तिचें नांव परत मिळालें, ही संशोधनाची अल्प, पण खरी फलश्रुति होय.