रेंजर्स कर खटला

रेंजर्स कर खटला हा स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील रेंजर्स फुटबॉल क्लब आणि ब्रिटनचे महसूल खाते यांच्यातील न्यायालयीन वाद होय. खेळाडूंना विश्वस्तनिधीमार्फत कर्जाच्या रूपाने दिलेली रक्कम वेतन ठरते की नाही, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. ५ जुलै २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम करपात्र वेतनच असल्याचा अंतिम निर्णय दिला.

पार्श्वभूमी

व्यावसायिक फुटबॉलपटू करार करताना पुष्कळदा कर वजा जाता हाती किती पडेल, यावर बोलणी करतात. अशा वेळी कराचा भार प्रत्यक्षात क्लबवर येतो. ब्रिटनमध्ये वेतनातून प्राप्तिकर व राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी मालकाची असते. रेंजर्सची मालकी सर डेव्हिड मरे यांच्या उद्योगसमूहाकडे असताना, २००१ ते २०१० या काळात, कर्मचारी लाभ विश्वस्तनिधीची योजना राबवण्यात आली. तिच्याद्वारे खेळाडू, व्यवस्थापक व संचालक यांना सुमारे ४.७ कोटी पौंड मिळाले.

योजनेचे स्वरूप

क्लब मुख्य विश्वस्तनिधीत रक्कम भरत असे. विश्वस्त त्यातून खेळाडूच्या कुटुंबीयांच्या लाभासाठी उपनिधी स्थापन करीत आणि त्या उपनिधीतून खेळाडूला कर्ज मिळे. हे कर्ज त्याच्या हयातीत फेडले जाईल, अशी अपेक्षा नसे. खेळाडूचा मुख्य करार फुटबॉल संघटनेकडे नोंदवला जाई. निधीविषयीचे आश्वासन मात्र स्वतंत्र पत्रात असे. ही पत्रे संघटनेपासून दडवल्याबद्दल २०१३ मध्ये चौकशी आयोगाने क्लबच्या जुन्या कंपनीला २,५०,००० पौंड दंड ठोठावला.

निवाडे

नोव्हेंबर २०१२ मध्ये प्राथमिक कर न्यायाधिकरणाने बहुमताने मुख्यतः क्लबच्या बाजूने कौल दिला. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या उच्चतम दिवाणी न्यायालयाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने हाच निर्णय उचलून धरला. लॉर्ड हॉज यांनी लिहिलेल्या निकालपत्रानुसार, कामाचा मोबदला तिसऱ्या पक्षाकडे सुपूर्द केला तरी तो मोबदलाच राहतो. म्हणून रक्कम मुख्य निधीत जमा होतानाच कर देय होता.

क्लबवरील परिणाम

मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी क्लबमधील मरे यांचा हिस्सा १ पौंडाला विकत घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. याचे कारण हा खटला असल्याचा समज आढळतो. तथापि तात्कालिक कारण व्हाइट यांच्या काळात थकलेले चालू कर हे होते. जून २०१२ मध्ये महसूल खात्याने तडजोडीचा प्रस्ताव फेटाळला आणि जुनी कंपनी अवसायनात निघाली. मालमत्ता ५५ लाख पौंडांना नव्या कंपनीने घेतली व संघाला चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली.

माजी खेळाडूंचे दायित्व

कर कापण्याचे दायित्व मालकाचे असल्याने खात्याचा दावा प्रामुख्याने अवसायनातील कंपनीवर राहिला. खेळाडूंच्या नावे मात्र कागदोपत्री कर्ज शिल्लक होते. अशा योजनांसाठी २०१७ मध्ये कायदा झाला. त्यानुसार ५ एप्रिल २०१९ रोजी न फेडलेल्या कर्जावर, त्यावरील कर आधी भरलेला नसल्यास, थेट कर्जदाराकडून कर मागण्याची तरतूद झाली. डिसेंबर २०१९ मधील पुनर्विलोकनानंतर ९ डिसेंबर २०१० पूर्वीची कर्जे या तरतुदीतून वगळण्यात आली.