चुलीपाशी कोण उभं आहे?

मस्तगडचा किल्ला १७२५ सालचा. आसफजाहच्या हुकुमाने काबिलखानाने तो बांधला, असं इतिहास सांगतो. हुकूम देणाऱ्याचं नाव राहिलं. दगड वाहणाऱ्यांच्या पोटात त्या दिवशी काय होतं, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्याकडचा इतिहास असाच. तलवारी मोजतो, भाकरी मोजत नाही.

म्हणून मित्रहो, या किल्ल्याच्या सावलीत बसून मी खिचडीचा इतिहास लिहितोय. शाळेतल्या खिचडीचा. हसू नका. जात ज्या दोन जागी सगळ्यात घट्ट बसलीय, त्यातली एक लग्नाचा मांडव आणि दुसरी चूल.

७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. बसायला घरून आणलेलं तरट. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई वरून पाणी ओतणार. शिपाई नसला की त्या दिवशी पाणीही नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या शाळेत लेकराला पाणी मिळत नव्हतं, तिथं जेवणाची काय बात!

त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची पोरं एका छताखाली राहिली, एका पंगतीत जेवली. म्हणजे हे होऊ शकत होतं. करणारा पाहिजे होता. पण सरकारी शाळेत चूल पेटायला अजून पाऊणशे वर्षं लागणार होती.

मधे १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्याच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सुकडीचं नाव काढतील. ओंजळीत घेतली, खाल्ली. पोट जगलं. पण ती मदत होती, हक्क नव्हता. दुष्काळ सरला की हात आखडला.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची योजना आली. महाराष्ट्रात काय मिळालं? ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ. कोरडा. पोरगं पिशवी घेऊन घरी जायचं. घरात पाच तोंडं, तांदूळ सगळ्यांत वाटला जायचा. आणि पाटलाचं पोरगं पाटलाच्या घरी, आपलं पोरगं आपल्या वस्तीत. कोरड्या तांदळाने भूक थोडी हटली, जात जागची हलली नाही.

मग २००१ साली सर्वोच्च न्यायालयात भुकेचा खटला उभा राहिला. गोदामात धान्य आणि गावात उपासमार, हा सवाल होता. २८ नोव्हेंबर २००१ ला हुकूम झाला: शाळेत शिजवलेलं अन्न द्या. २० एप्रिल २००४ ला आणखी एक झाला. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना आधी घ्या.

हा दुसरा हुकूम पाठ करून ठेवा. पहिल्याने लेकरं पंगतीत बसली. दुसऱ्याने विचारलं, वाढणारा हात कुणाचा? ज्या हाताचं पाणी चालत नव्हतं, त्या हाताचं अन्न सगळ्या गावाच्या लेकरांनी खायचं. हे दान नाही, हा उलटा फिरवलेला इतिहास आहे.

तो सुखासुखी फिरत नाही. डिसेंबर २०२१ मधे उत्तराखंडात, चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांगच्या शाळेत दलित बाईने शिजवलेलं अन्न सवर्ण पोरांनी नाकारलं. बाईला काढलं. तिच्या जागी सवर्ण बाई आली, तर दलित पोरांनी तिचं अन्न नाकारलं. शेवटी पहिल्या बाईला परत घ्यावं लागलं. त्या पोरांना कुणी भाषण दिलं नव्हतं. त्यांना कळलं होतं.

आता पैशाचं बघू. या बाईला पगार नाही, 'मानधन' आहे. २००९ पासून महिन्याला १००० रुपये. महाराष्ट्रात २०१९ ला १५००, २०२३ ला २५००. तेही वर्षाचे १० महिने. म्हणजे वर्षाला २५,०००. धूर तिचा, भांडी तिची, चटका तिचा. आम्ही रोलिंग मिलमधे भट्टीपुढे उभे राहतो, आम्हाला निदान कामगार म्हणतात. तिला तेवढंही म्हणत नाहीत. मान नाही आणि धन नाही, त्याचं नाव मानधन!

जेवण सुधारा म्हणतात सगळे. मग नोव्हेंबर २०२३ मधे आठवड्याला एक अंडं आलं. जानेवारी २०२५ मधे सरकारने त्याचे पैसे बंद केले आणि लोकवर्गणीकडे बोट दाखवलं. ज्या वस्तीत वर्गणी निघत नाही, तिथल्याच लेकराला अंड्याची गरज जास्त. हा हिशोब कुणाला कळत नाही असं नाही.

तेव्हा नुसत्या घोषणा नकोत. शाळेत जा. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, असं ठरलेलं आहे. वजनकाटा मागा. २०१५ च्या नियमाप्रमाणे मास्तरने आधी चव घ्यायची असते, घेतो का बघा. अन्न मिळालं नाही त्या दिवसाचा भत्ता मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. आपल्या वस्तीतली माय त्या खुर्चीवर बसली पाहिजे. पंगत एकच आहे ना, ते डोळ्याने पाहा. आणि सगळ्यात आधी विचारा, चुलीपाशी कोण उभं आहे, तिला कुणी नेमलं, तिचे पैसे कधी मिळाले.

डाळ पातळ असली तर कळते. चुलीपाशी उभ्या बाईचा पगार पातळ असला तर कुणाला कळत नाही. खिचडी सुधारायची तर सुरुवात तिथून आहे.