विलीनीकरण कंपन्यांचे, प्रश्न वैमानिकांच्या ज्येष्ठतेचा

मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी आजारपणाच्या रजा टाकून काम थांबविले. हे आंदोलन ५८ दिवस चालले. लांब पल्ल्याची अनेक उड्डाणे रद्द झाली आणि शंभराहून अधिक वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले. वादाच्या केंद्रस्थानी होते बोइंग ७८७ ड्रीमलायनर हे विमान. विशेष म्हणजे त्या वेळी कंपनीच्या ताफ्यात एकही ड्रीमलायनर दाखल झालेले नव्हते. पहिले विमान आले ते सप्टेंबर २०१२ मध्ये. जे विमान अद्याप आलेच नव्हते, त्याचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे, यावरून कंपनी दोन महिने वेठीस धरली गेली.

विमानतळावर अडकून पडलेल्या प्रवाशांना हा निव्वळ हट्ट वाटला असल्यास नवल नाही. मात्र दोन विमान कंपन्या एकत्र येतात, तेव्हा वैमानिकाच्या दृष्टीने ‘नोकरी टिकेल का’ हा प्रश्नाचा केवळ अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा भाग असतो सेवाज्येष्ठता यादीतील त्याच्या क्रमांकाचा. हा प्रश्न वेळेवर न सोडविल्यास त्याची किंमत कंपनीला वर्षानुवर्षे मोजावी लागते, असे भारतातील आणि अमेरिकेतील अनुभव सांगतो.

क्रमांकावर सारे अवलंबून

बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकांची एक सेवाज्येष्ठता यादी असते. सहवैमानिकाला कमांडरपद केव्हा मिळणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर जाण्याची संधी कोणाला आधी मिळणार, राहण्याचे ठिकाण, उड्डाणांचे वेळापत्रक आणि रजा यांत पसंती कोणाची चालणार, हे बऱ्याच अंशी या यादीवरून ठरते. मंदीच्या काळात कपात होते तीही प्रायः यादीच्या तळापासून. म्हणजेच पदोन्नती, वेतन आणि नोकरीची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी एकाच क्रमांकाला बांधलेल्या असतात.

इतर व्यवसायांत अनुभवी माणूस नोकरी बदलून वरच्या पदावर जाऊ शकतो. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत तसे होत नाही. वीस वर्षे कॅप्टन राहिलेला वैमानिकही नव्या कंपनीत गेल्यास यादीच्या तळाशी, सहवैमानिक म्हणून रुजू होतो. भारतातील कंपन्या अनुभवी कमांडरना थेट त्या पदावर घेतात. तरीही येथे नोकरी बदलणे सोपे नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र ‘टाइप रेटिंग’ लागते, कंपन्या प्रशिक्षणाच्या खर्चापोटी करारपत्र लिहून घेतात आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये केलेल्या नियमानुसार कमांडरला १२ महिन्यांची, तर सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते.

दोन याद्यांची एक यादी

विलीनीकरणात दोन याद्यांची एक यादी करावी लागते. त्यात काय घडू शकते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून समजून घेता येईल. एका कंपनीत १,००० वैमानिक असून त्यांतील पहिले ५०० कमांडर आहेत. एखाद्या सहवैमानिकाचा क्रमांक ६०० असेल, तर पुढचे १०० जण निवृत्त झाल्यावर तो कमांडर होईल. आता या कंपनीत ५०० वैमानिकांची दुसरी, जुनी कंपनी विलीन झाली. तिच्यातील ४०० जण आपल्या सहवैमानिकाच्या आधी नोकरीला लागलेले आहेत. केवळ नियुक्तीच्या तारखेनुसार यादी केली, तर त्याचा क्रमांक होतो १,०००. नव्या कंपनीतही निम्मे म्हणजे ७५० जण कमांडर असतील, तर आता त्याच्यापुढील २५० जण निवृत्त होण्याची वाट त्याला पाहावी लागेल. त्याची नोकरी गेलेली नाही, वेतनही घटलेले नाही. कमांडरपद मात्र लांबले आहे.

अर्थात, याला दुसरी बाजूही आहे. जुन्या कंपनीचे वैमानिक वयाने मोठे असतील, तर ते लवकर निवृत्त होतील आणि त्यांच्या रिकाम्या जागांचा लाभ तरुणांना मिळेल. म्हणूनच दोन्ही बाजूंचे वैमानिक विलीनीकरणाच्या बातमीनंतर वयाचे तक्ते, विमानांच्या नोंदविलेल्या मागण्या आणि निवृत्तीची वर्षे यांचा हिशेब मांडू लागतात.

यादी करण्याच्या पद्धती साधारणपणे तीन आहेत. पहिली, नियुक्तीच्या तारखेनुसार. दुसरी, पद आणि विमानाचा प्रकार पाहून दोन्ही कंपन्यांतील वैमानिक प्रमाणशीर गुंफण्याची. यात मोठ्या विमानाचे कॅप्टन एकमेकांच्या शेजारी येतात, मग त्यांची सेवा कमी-अधिक का असेना. तिसरी पद्धत सर्वांत कठोर. ती म्हणजे एका कंपनीचे वैमानिक दुसरीच्या यादीच्या तळाला जोडणे. याखेरीज ठरावीक वर्षे विशिष्ट विमाने किंवा ठिकाणे मूळ कंपनीच्याच वैमानिकांसाठी राखून ठेवण्याची तडजोडही केली जाते. त्याला अमेरिकेत ‘कुंपण’ असे म्हणतात.

अमेरिकेतील तीन अनुभव

अमेरिकन एअरलाइन्सने २००१ मध्ये डबघाईला आलेली टीडब्ल्यूए ही कंपनी विकत घेतली. टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना एकत्रित यादीच्या तळाशी स्थान मिळाले. त्याच वर्षीच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर हवाई वाहतूक कोसळली, कपात सुरू झाली आणि तिचा मोठा फटका या तळाच्या वैमानिकांना बसला. हा अनुभव लक्षात घेऊन २००७ च्या अखेरीस अमेरिकेत ‘मॅकॅस्किल-बाँड’ या नावाने ओळखली जाणारी कायदादुरुस्ती झाली. ज्येष्ठता याद्या ‘न्याय्य आणि समतोल’ रीतीने एकत्र कराव्यात आणि एकमत न झाल्यास प्रश्न लवादाकडे न्यावा, अशी तरतूद तिच्यात आहे.

मात्र लवादाने प्रश्न सुटतोच असे नाही. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एकत्र आल्या. यूएस एअरवेज दिवाळखोरीत होती आणि तिचे बरेच वैमानिक कपातीमुळे घरी बसलेले होते. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी मे २००७ मध्ये निर्णय दिला. मोठ्या विमानांवरील सुमारे ५०० ज्येष्ठ वैमानिकांना त्यांनी यादीच्या शिरोभागी ठेवले. परंतु कपातीत गेलेल्यांना विलीनीकरणाच्या वेळी नोकरीच नव्हती, असे मानून त्यांना तळाशी नेले. परिणामी यूएस एअरवेजमध्ये १७ वर्षे सेवा केलेला वैमानिक अमेरिका वेस्टमध्ये काही महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या वैमानिकाच्या खाली गेला. एकाने सेवेची वर्षे आणली होती, दुसऱ्याने चालू नोकरी आणली होती. दोन्ही बाजूंना आपलेच म्हणणे न्याय्य वाटत होते.

संख्येने अधिक असलेल्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी २००८ मध्ये जुनी संघटनाच मतदानाने दूर केली आणि नवी संघटना निवडली. प्रकरण न्यायालयांत गेले. एकाच कंपनीच्या नावाखाली दोन्ही गट वेगवेगळ्या याद्यांवर उड्डाण करीत राहिले. पुढे २०१३ मध्ये यूएस एअरवेजचे अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाले आणि तिन्ही गटांची एकत्रित यादी लवादाने निश्चित केली ती २०१६ मध्ये, म्हणजे पहिल्या विलीनीकरणानंतर ११ वर्षांनी.

याउलट उदाहरण डेल्टा आणि नॉर्थवेस्ट यांचे. २००८ च्या प्रारंभी या दोन कंपन्यांच्या वैमानिकांची ज्येष्ठतेवरील बोलणी फिसकटली आणि विलीनीकरणच बारगळते की काय, अशी स्थिती निर्माण झाली. अखेर एप्रिलमध्ये विलीनीकरण जाहीर झाले आणि ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाले. यादीचा प्रश्न लवादाकडे गेला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्णय आला. पद व विमानप्रकार यांचे प्रमाण आणि जोडीला काही कुंपणे, असे त्याचे स्वरूप होते. सर्वांचे समाधान झाले नाही. पण यादी ठरली आणि वैमानिकांना पुढचा हिशेब मांडता आला.

एअर इंडियातील गुंता

भारतात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला तो २००७ मध्ये. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे एअर इंडियाकडे आणि देशांतर्गत उड्डाणे प्रामुख्याने इंडियन एअरलाइन्सकडे होती. एकीचे मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला, तर दुसरीचे दिल्लीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २००७ मध्ये विलीनीकरणास मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन्ही कंपन्या कागदोपत्री एक झाल्या. तत्पूर्वी एअर इंडियाने ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस विमानांची मागणी स्वतंत्रपणे नोंदविलेली होती. विलीनीकरण या खरेदीच्या आधी व्हायला हवे होते, अशा आशयाची टीका भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात केली.

कंपनी एक झाली, परंतु वैमानिकांच्या वेतनाची सूत्रे, पदोन्नतीचे नियम आणि संघटना वेगळ्याच राहिल्या. पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक ‘इंडियन कमर्शिअल पायलट्स असोसिएशन’मध्ये, तर एअर इंडियाचे ‘इंडियन पायलट्स गिल्ड’मध्ये होते. एप्रिल-मे २०११ मध्ये पहिल्या संघटनेने समान वेतनाच्या मागणीसाठी दहा दिवस संप केला. त्याच काळात निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल सादर झाला जानेवारी २०१२ मध्ये. जो प्रश्न विलीनीकरणापूर्वी सोडवायचा, त्यावरील शिफारशी विलीनीकरणानंतर साडेचार वर्षांनी हाती आल्या.

ड्रीमलायनरचा वाद हा याच विलंबाचा परिणाम होता. ही विमाने मूळ एअर इंडियाने मागविलेली असल्याने त्यांवरील प्रशिक्षणाचा पहिला हक्क आपला, असे गिल्डचे म्हणणे होते. आपल्याकडे कमांडर होण्यास अधिक वर्षे लागतात. इंडियन एअरलाइन्सचे आधीच कमांडर झालेले वैमानिक या विमानावर आले, तर आपल्या सहवैमानिकांची पदोन्नती आणखी लांबेल, ही त्यामागील भीती. कंपनी एकच असेल तर विमानेही सर्वांची, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. दोन्ही युक्तिवादांत तथ्य होते. निवाडा करू शकेल अशी सर्वमान्य यादी मात्र नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर जुलै २०१२ मध्ये संप मिटला.

टाटा समूहाचे विलीनीकरण

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. विक्रीच्या अटींनुसार पहिले एक वर्ष कोणत्याही कर्मचाऱ्यास कामावरून काढता येणार नव्हते. ही हमी नोकरीची होती. पदोन्नतीच्या क्रमाची नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टाटा समूह व सिंगापूर एअरलाइन्स यांच्या मालकीच्या विस्तारा कंपनीचे एअर इंडियात विलीनीकरण जाहीर झाले.

हे विलीनीकरण प्रत्यक्षात येण्याआधीच, एप्रिल २०२४ मध्ये, विस्ताराला वैमानिकांअभावी अनेक उड्डाणे रद्द करावी लागली आणि वेळापत्रक सुमारे दहा टक्क्यांनी आखडते घ्यावे लागले. निमित्त होते नव्या वेतनकराराचे. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाएवढे वेतन निश्चित मिळे; नव्या करारात ही हमी ४० तासांवर आली आणि त्यापुढील कमाई प्रत्यक्ष उड्डाणांवर अवलंबून राहिली. ज्येष्ठतेच्या क्रमाबाबतही विस्ताराच्या वैमानिकांत अस्वस्थता होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विलीनीकरण पूर्ण झाले.

वैमानिक काय पाहतात?

विलीनीकरणाचा प्रस्ताव समोर येतो तेव्हा अनुभवी वैमानिक काही ठरावीक गोष्टी तपासतात. दोन्ही कंपन्यांचे मार्ग व विमाने एकसारखी आहेत की परस्परपूरक? एकसारखी असतील तर जागा कमी होण्याची शक्यता अधिक. मागविलेली विमाने किती आणि ती कोणाच्या वाट्याला? वेतनातील हमीचे तास किती? निवृत्तीचे वय, मागील सेवेची गणना आणि प्रशिक्षणाचे करारपत्र नव्या कंपनीत कसे लागू होणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यादी कोणत्या तत्त्वावर, कोण आणि केव्हा करणार?

याचबरोबर, विलीनीकरण नाकारल्यास कंपनी टिकेल का, हाही प्रश्न त्यांना विचारावा लागतो. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा त्यांच्या यादीतील पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाची किंमत एकच झाली. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपुढेही हाच पेच होता. त्यामुळे वैमानिक विलीनीकरणाला सरसकट विरोध करतात, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. यादीचे तत्त्व आधी जाहीर व्हावे, तंटा सोडविणारी त्रयस्थ यंत्रणा असावी आणि तिला मुदत असावी, एवढीच त्यांची रास्त अपेक्षा असते. अमेरिकेत त्यासाठी कायदा आहे. भारतात विमान कंपन्यांसाठी तशी स्वतंत्र तरतूद नाही. येथे ते काम व्यवस्थापन, समित्या आणि शेवटी न्यायालये यांच्यावर येऊन पडते. तोपर्यंत वैमानिकांच्या कारकिर्दीची काही वर्षे निघून गेलेली असतात.