पाच सेंटिमीटरचा प्रश्न

कवटीखालचा मेंदूचा नेमका भाग बाहेरून कसा शोधायचा? १९८५ मध्ये हा प्रश्न नव्याने महत्त्वाचा ठरला. त्या वर्षी इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्येच दाखवले होते. येथे वाहक होता मेंदू! हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर वेटोळे येताच विरुद्ध बाजूचा हात हलला. म्हणजे या भागाची जागा हातच सांगतो.

नैराश्यावरील उपचारासाठी मात्र कपाळामागचा डावा भाग उत्तेजित करायचा होता. तेथे चुंबक चालवल्यास काहीच हलत नाही. म्हणून १९९० च्या दशकात एक सोपी युक्ती रूढ झाली. उजव्या हाताचा अंगठा जेथून हलतो ती जागा शोधायची आणि तेथून पाच सेंटिमीटर पुढे सरकायचे.

पण सर्वांची डोकी सारखी कोठे असतात? २००१ मध्ये हर्विग व सहकाऱ्यांनी २२ जणांच्या मेंदूच्या प्रतिमांशी ही जागा ताडून पाहिली. ती अपेक्षित भागावर केवळ ७ जणांत आली. मग रुग्णाला गुण आला नाही, तर दोष उपचाराचा म्हणायचा की जागेचा?

मार्ग जुन्या पद्धतीतच होता. ईईजीची टोके डोक्यावर कोठे लावावीत, याची पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिच्यात अंतरे सेंटिमीटरमध्ये नव्हे, टक्क्यांत असतात. २००९ मध्ये बीम व सहकाऱ्यांनी तिच्या आधारे सोपी रीत दिली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर, कानापासून कानापर्यंतचे अंतर आणि डोक्याचा घेर या तीन मापांवरून उपचाराची जागा काढता येते.

यातील पहिले माप वर्गात शिंप्याच्या टेपने घेऊन पाहावे. ते ३२ सेंटिमीटर असेल तर त्याचे २० टक्के ६.४ सेंटिमीटर होतात. ४० असेल तर ८. प्रमाण डोक्यानुसार बदलते, ठरीव अंतर बदलत नाही. अर्थात मेंदूच्या वळ्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात आणि त्या टेपला दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय प्रतिमाच लागते. जेथे ती सोय नाही, तेथे हे साधे प्रमाणच रुग्णाच्या कामी येते.