जिवाणू विकत घ्यायचे की पोसायचे?

सध्या एक मत फार जोरात आहे. त्याचे म्हणणे असे: आपल्या आतड्यात असंख्य जिवाणूंची वस्ती असते, अँटिबायोटिकचे डोस, मैदा, जागरणे आणि ताण यांनी ती विस्कटली आहे, म्हणून चांगले जिवाणू बाहेरून आणून पुन्हा वसवले पाहिजेत. कुणी ते कॅप्सूलमधून आणतो, कुणी आंबटगोड दुधाच्या इवल्या बाटलीतून, कुणी कोंबुचा नावाच्या आंबवलेल्या चहातून. याच मताची देशी आवृत्ती आमच्या धाराशिव जिल्ह्यात जास्त ऐकू येते. ‘कॅप्सुली कशाला? येळवशीच्या सणाची ज्वारीची आंबील हेच आपलं प्रोबायोटिक. म्हाताऱ्या माणसांना हे सगळं ठाऊक होतं.’

वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. प्रत्यक्षात दोघांचे गृहीतक एकच: निरोगी पोट म्हणजे तोंडावाटे आत गेलेले जिवाणू. माझा वाद या गृहीतकाशी आहे. माझ्या मते खरा मुद्दा आत असलेल्यांना चोथा, म्हणजे अन्नातले तंतू, खाऊ घालण्याचा आहे.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो. ही कल्पना कुणा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून निघालेली नाही. १९०८ सालचे नोबेल मिळवणाऱ्या इल्या मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातल्या आंबट दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला होता. अलीकडचा पुरावाही आहे, आणि तो भक्कम आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ साली ‘नेचर’मध्ये आली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक वाण आठवडाभर दिला, तर जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. यावर कोण वाद घालेल?

पण ही चाचणी नेमके काय सिद्ध करते? ठरावीक वाण, ठरावीक मात्रा, ठरावीक वय, ठरावीक धोका. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००१ साली केलेली प्रोबायोटिकची व्याख्याही हेच सांगते: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा मात्रेत दिलेले, आणि त्यातून आरोग्याला लाभ झालेला. ओडिशाच्या तान्ह्या बाळाचा पुरावा कळंबच्या पन्नाशीतल्या व्यापाऱ्याच्या अपचनाला कसा लागू करणार? अमेरिकेच्या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळा पुरावा चाळला. मुदतपूर्व जन्मलेली बाळे, अँटिबायोटिक सुरू असतानाचा एक विशिष्ट संसर्ग आणि मोठे आतडे काढलेल्या रुग्णांतला एक विकार, एवढ्यांपुरतीच तिने प्रोबायोटिकची सशर्त शिफारस केली. बाकी बहुतेक तक्रारींसाठी पुरावा अपुरा ठरला. लहान मुलांच्या जुलाबातही तिने नको असेच म्हटले. जुलाबात मूल वाचवते ते ओआरएसचे पाणी आणि सोबत जस्ताच्या गोळ्या.

आता आकड्यांकडे येऊ, कारण बाटलीवर आकडाच मोठ्या अक्षरात छापलेला असतो. एका प्रसिद्ध जपानी पेयाच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत साडेसहाशे कोटी जिवाणू असतात. ऐकून छाती दडपते. पण माणसाच्या शरीरात किती जिवाणू असतात? २०१६ सालच्या एका काटेकोर हिशेबानुसार सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे बाटलीतले पाहुणे मूळ रहिवाशांच्या साडेपाच हजारांत एकसुद्धा नाहीत. थोड्या संख्येने काहीच होत नाही असे मी म्हणत नाही, ओडिशात झालेच. पण ‘अब्जावधी’ हा शब्द युक्तिवाद म्हणून वापरायचा असेल, तर हिशेब पुरा मांडावा.

पाहुणे राहतात तरी का? इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली लोकांची आतडी आतून तपासली. काहींच्या आतड्यात दिलेले जिवाणू टिकले, काहींनी ते सरळ बाहेर काढले. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती तर, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतली. माणसे मोजकी होती, हे नमूद करतो. तरी ज्या प्रसंगी प्रोबायोटिकचे डबे सर्वांत बिनधास्त खपतात, नेमक्या त्याच प्रसंगाबद्दलचा हा निष्कर्ष आहे. वाफसा नसलेल्या रानात महागडे बियाणे फेकावे, तशी ही पेरणी.

सकाळी उठून सफरचंदाचे व्हिनेगर पिणे आणि ‘डिटॉक्स’चे काढे यांवर शाई घालवत नाही. यकृत आणि मूत्रपिंडे हे काम फुकटात करतात. व्हिनेगर दातांवरचे कवच मात्र खाते.

इसबगोलाची गोष्ट वेगळी. गुजरातेत पिकणारे हे भुसे बद्धकोष्ठावर खरोखर गुणकारी आहे. भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. पण ‘रात्री इसबगोल घेतो, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची सोय झाली’ हे चूक. इसबगोल पाणी धरते, गिळगिळीत होते आणि बरेचसे तसेच बाहेर पडते. जिवाणूंना ते फारसे आंबवता येत नाही. पोट साफ होईल. वस्ती उपाशीच राहील.

आता देशी पक्षाकडे वळतो. हे आपलेच लोक, म्हणून अधिक सावधपणे.

मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, शेतात कडब्याची कोप उभी राहते. आदल्या दिवशी ज्वारीचे पीठ शिजवून, गार करून, ताकात कालवतात. लसूण-आल्याचे वाटण आणि मीठ घालून मडक्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशीची ती आंबील ज्याने घोंगडीवर बसून प्याली, त्याला मी तिचे गुण काय सांगावे? पण ती प्रोबायोटिक आहे का? व्याख्येप्रमाणे नाही. तिच्यातला वाण ठरलेला नाही, मात्रा ठरलेली नाही. आणि ज्या घरी पीठ आधी आंबवून मग चुलीवर उकळतात, तिथे त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. आंबील चांगली आहे, चविष्ट आहे, पचायला हलकी आहे. तिला कॅप्सूलचे बिरुद कशाला हवे?

देशी पक्ष इथे स्टॅनफर्डचा २०२१ सालचा प्रयोग पुढे करील, आणि करावाच. ३६ निरोगी माणसे, दहा आठवडे. आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली. नुसता चोथा वाढवणाऱ्यांची वाढली नाही. हा माझ्या मताला धक्का आहे, लपवत नाही. पण आत नवे दिसलेले जिवाणू आले कुठून? अन्नातून थेट आलेल्यांचा वाटा फार थोडा होता. म्हणजे आंबवलेल्या अन्नाने बहुधा आतली परिस्थिती बदलली. नवे रहिवासी आणून बसवले नाहीत. आणि चोथ्याला दहा आठवडे पुरतात का, हा प्रश्न उघडाच आहे.

माझ्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा पुण्यातला आहे. तिथल्या संशोधकांनी २०१६ साली भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंची इतर देशांशी तुलना केली, तेव्हा आपल्याकडे प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा यांचे प्राबल्य दिसले. प्रीव्होटेला हा तृणधान्ये-कडधान्ये खाणाऱ्यांच्या आतड्यात वाढणारा गडी. २०१० साली बुर्किना फासोतल्या खेड्यातली मुले आणि फ्लॉरेन्सची मुले यांची तुलना झाली, तेव्हा प्रीव्होटेला आफ्रिकी मुलांत मुबलक निघाला. ती मुले खात काय होती? ज्वारी, बाजरी, चवळीच्या जातीची कडधान्ये. दुकानातल्या कॅप्सूलमध्ये मात्र प्रामुख्याने असतात लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम. मग आपल्या आतड्यातला मुख्य रहिवासी कुठल्या डब्यात मिळतो? कुठल्याच नाही. त्याला खाऊ घालावे लागते.

इथे ज्वारीभक्तांनी घाई करू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत तंतू १०.२ ग्रॅम आहेत. गव्हाच्या कणकेत ११.४. म्हणजे गहू विष आणि ज्वारी अमृत, हा दावा निदान चोथ्याच्या बाबतीत टिकत नाही. ज्यांना सिलिअॅक विकार आहे त्यांनी गहू टाळावाच. इतरांचा गुन्हेगार आहे मैदा, ज्यात तंतू जेमतेम २.८ ग्रॅम. आणि अख्ख्या हरभऱ्यात? २५.२.

म्हणून येळवशीच्या पंगतीत आंबिलीच्या मडक्यापेक्षा भज्जीच्या पातेल्याकडे पाहावे. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, मेथी, पालक, चुका, चाकवत, कांद्याची पात, गाजर, वांगे; सगळे चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात शिजलेले, सोबत बाजरीचे उंडे. एका पातेल्यात दहा-बारा वनस्पती. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत २०१८ साली असे दिसले की, आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता दहापेक्षा कमी प्रकार खाणाऱ्यांहून जास्त असते. हा नुसता संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. पण वर्षातून एकदा का होईना, ती पंगत या आकड्याच्या निम्म्या वाटेवर एका दुपारी पोचते.

‘कडधान्याने गॅस होतो’ हा आक्षेप येईल. होतो. तो आतले जिवाणू कामाला लागल्याचाच वायू आहे. प्रमाण हळूहळू वाढवावे, भिजवून-मोड आणून खावे. ज्यांचे आतडे मुळात हळवे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर आंबील नको, कॅप्सूलही नको, थेट तपासणी करावी.

राहिला प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा. इथे दोष ना अँटिबायोटिकचा, ना आजीच्या विसरलेल्या ज्ञानाचा. रान सोयाबीनने व्यापले, कारण ज्वारीची काढणी मजूर मागते आणि भाव देत नाही. रेशनवर बहुतेक महिने गहू-तांदूळच मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो असा भाव लिहिला होता, आणि २०२३ पासून तर हे धान्य मोफत झाले. ज्वारीची तरतूद कायद्यातच बसलेली आहे. पोटातल्या जिवाणूंवर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांतल्या किती जणांनी रेशनवर ज्वारी आणि डाळ मागितली?