बीदरच्या सात दरवाजांबाहेर

मराठी घरांत बीदर शहराचे नाव पोहोचते ते बहुधा दामाजीपंतांच्या कथेतून. दुष्काळात मंगळवेढ्याचे कोठार लोकांस खुले झाले आणि त्या धान्याची किंमत विठू महाराच्या रूपाने खुद्द विठ्ठलाने बीदरच्या दरबारी भरली, ही कथा कीर्तनांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. त्या दरबाराच्या दाराशी पहारा कसा असे, आत कोणास सोडीत, हे मात्र कथेकऱ्याने सांगितलेले नाही. ते सांगितले एका रशियन व्यापाऱ्याने, ज्याच्यापाशी विकावयास अवघा एक घोडा होता.

बीदर हल्ली कर्नाटकात आहे. परंतु निलंगे, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच मोडत. निलंगे आणि उदगीर यांच्या मधल्या शिरूर अनंतपाळच्या बाजूस म्हणूनच हे शहर परके नाही. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावच्या अफानासी निकितीनला मात्र ते सर्वस्वी परके होते. सन १४७० च्या आगेमागे तो तेथे आला. नक्की वर्षाविषयी विद्वानांत दोन-तीन वर्षांचा मतभेद आहे. पण वास्को द गामा कालिकतास उतरण्यापूर्वी सुमारे पाव शतक, एवढे निश्चित.

तो काही देश पाहण्याच्या हौसेने निघालेला नव्हता. अस्त्रखानजवळ तातारांनी त्याचा माल लुटला, त्यातच त्याची धर्मपुस्तकेही गेली. रिकाम्या हाताने परतावे तर घरी सावकार बसलेले. तेव्हा बाकू, इराण, होर्मुझ असे करीत, दक्षिणेत घोड्यास मोठा भाव येतो या भरवशावर, एक घोडा घेऊन तो चौलास उतरला. गोऱ्या माणसाचे नवल वाटून लोक त्याच्यामागून घोळक्याने हिंडत. जुन्नरास पोहोचेपर्यंत शंभर रूबल खर्च झाले, आणि तेथे असदखानाने घोडाच काढून घेतला. चार दिवसांत इस्लाम स्वीकारल्यास घोडा परत व वर हजार मोहरा. न स्वीकारल्यास घोडा गेला व हजार मोहरांचा दंड! मुदत सरता सरता एक खुरासानी गृहस्थ मध्ये पडला, म्हणून धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. जुन्नरचा पाऊसही त्याने नोंदला आहे. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच चिखलात लोक नांगरतात, पेरतात, याचे त्यास आश्चर्य वाटले.

पुढे महिन्याभराची वाट चालून तो बीदरास आला. महंमदशहा बहमनी तेव्हा तरुण होता आणि कारभार महमूद गावान या परदेशी वजिराच्या हाती होता. सुलतानाच्या वाड्यास सात दरवाजे. प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू कारकून. काहींनी आत जाणाऱ्यांची नावे लिहावयाची, काहींनी बाहेर येणाऱ्यांची. तवारिखांतून सुलतान व वजीर यांची नावे भरपूर सापडतात. या लेखणीवाल्यांची आठवण ठेवली ती या परक्याने. परदेशी माणसास आत मज्जाव होता, तरी वाडा कोरीव कामाने व सोन्याच्या रंगाने मढविलेला आहे, असे तो लिहितो. रात्री कोतवालाचे हजार स्वार चिलखत चढवून, हाती मशाली घेऊन शहरात फिरत.

परंतु निकितीनची नजर केवळ झगमगाटाने दिपणारी नव्हती. उमराव रुप्याच्या पालखीत मिरवतात, पुढे सोन्याने शृंगारलेले वीस घोडे, मागे तीनशे स्वार, पाचशे पायदळ, शिवाय कर्णे, नगारे, सनया. आणि याच मुलखात माणसे दाट असून खेड्यातील रयत उघडीनागडी आहे, हेही तो लागलीच लिहितो. दामाजीपंतांची कथा ज्या भुकेतून जन्मली, तिची एका तटस्थ माणसाने दिलेली ही साक्ष आहे.

आळंदच्या शेख अल्लाउद्दीनच्या जत्रेची हकीकत अशीच रसाळ आहे. वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरे, वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत. बीदरहून अंतर तो बारा कोस सांगतो. पण त्याचा एक कोस आपल्या तिनांएवढा आहे, हे ध्यानात ठेवावे. तेथेच त्याने रात्री घुमणाऱ्या एका पक्ष्याविषयी ऐकले. तो ज्या घरावर बसेल तेथे मृत्यू येतो, म्हणे. आमच्या घुबडाची ही कीर्ती पाचशे वर्षांपूर्वीच रशियन वहीत जाऊन बसली!

व्यापार मात्र साधला नाही. घोडा वर्षभर पोसून बीदरास विकला. रशियात नेण्याजोगा माल काही आढळेना. मिरी आणि रंग स्वस्त होते, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे. ज्या मुसलमान सोबत्यांनी इकडचे गुणगान केले, त्यांस तो वहीत शिव्या देतो.

त्यास लाभ झाला तो निराळाच. प्रवासात त्याने खोजा यूसुफ खुरासानी असे नाव धारण केले होते. बीदरच्या हिंदूंशी ओळख वाढल्यावर आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, हे त्याने त्यांस सांगून टाकले. त्यानंतर त्यांनी आपले जेवण, व्यवहार, पूजा-प्रार्थना यांपैकी काहीच त्याच्यापासून लपविले नाही. शिवरात्रीस ते त्याला श्रीशैलाच्या यात्रेसही घेऊन गेले. सुलतानाचे सात दरवाजे त्यास बंद राहिले; हे दार उघडले.

स्वतःचा धर्म सांभाळणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत गेले. पुस्तके लुटली गेल्यामुळे ईस्टर केव्हा, उपास केव्हा, हे कळेना. तेव्हा तो मुसलमानांच्या रोज्यांबरोबर उपास धरी आणि सणांचा अदमास करी. ईस्टरची रात्र समजून बीदरात त्याने आकाश न्याहाळले, तेव्हा कृत्तिका व मृग पहाटेच्या उजेडात शिरले होते आणि सप्तर्षींचे मुख पूर्वेस होते, अशी त्याची नोंद आहे.

शेवटी दाभोळहून तो जहाजात बसला. त्वेर त्यास पुन्हा दिसले नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा अंत झाला. व्यापाऱ्यांनी त्याची वही मॉस्कोस पोहोचविली, आणि एकोणिसाव्या शतकात इतिहासकार करमझिनने एका मठातील हस्तलिखितांतून ती पुन्हा उजेडात आणली. तिच्या अखेरच्या ओळी रशियन भाषेत नाहीत. ती अरबी-तुर्की शब्दांतील प्रार्थना आहे, आणि ती करताना त्याच्या मनात कोणता देव होता, याविषयी पंडितांचे अजून एकमत झालेले नाही.